मुक्तस्रोत आज्ञावलीतील फेरफार : योगदान देणाऱ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी हिवरखेड हे मोठे गाव आहे. अशी कल्पना करू की, तेथील एका शाळेत ग्रंथालयाचे काम पाहणारे शिक्षक संगणकावर ‘वऱ्हाड’ हा शब्द लिहून पुस्तकांचा शोध घेत आहेत आणि संगणक ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर देत आहे. पुस्तक समोरच्या कपाटात आहे. त्याची नोंदही गेल्याच वर्षी झालेली आहे. शब्दाचे लेखन दोन्हीकडे डोळ्यांना अगदी सारखे दिसते. तरीही संगणकाला ते सापडत नाही.

या अडचणीचे कारण मराठी लिपीच्या एका वैशिष्ट्यात आहे. ‘वऱ्हाड’, ‘कुऱ्हाड’, ‘बिऱ्हाड’, ‘दऱ्या’ या शब्दांतील अर्धा र आपण आडव्या वळणाने लिहितो. युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत तो दोन प्रकारांनी साठविता येतो. पहिल्या प्रकारात खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्या प्रकारात साधा र, त्याला हलन्त आणि त्यानंतर पडद्यावर न दिसणारे एक जोडचिन्ह असते. कोणता प्रकार उमटेल हे वापरलेल्या कळफलकावर अवलंबून राहते. वाचणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही लेखने एकच होत. यंत्राच्या दृष्टीने मात्र ते दोन भिन्न शब्द ठरतात. पुस्तकाच्या बाबतीत ही केवळ गैरसोय म्हणता येईल. परंतु शिष्यवृत्तीच्या किंवा अनुदानाच्या यादीत ‘वऱ्हाडे’ किंवा ‘चऱ्हाटे’ आडनावाच्या व्यक्तीचे नाव सापडले नाही, तर एका कुटुंबाचा हक्काचा पैसा अडून राहू शकतो.

अशी त्रुटी लक्षात आल्यावर आपण काय करू शकतो? आज्ञावली एखाद्या कंपनीची खाजगी मालमत्ता असेल, तर तक्रार करून वाट पाहणे एवढेच हाती असते. ती मुक्तस्रोत असेल, तर त्रुटी दाखविण्याचा, ती स्वतः दुरुस्त करण्याचा आणि ती दुरुस्ती सर्वांच्या उपयोगासाठी मूळ आज्ञावलीत समाविष्ट व्हावी असा प्रस्ताव मांडण्याचा मार्ग खुला असतो. मात्र या मार्गाची एक शिस्त आहे. ती शिस्त कशी असते व कशासाठी असते, याचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्याचा प्रयत्न आहे.

मुक्तस्रोत म्हणजे काय?

संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे, यासंबंधीच्या लिखित सूचनांना मूळ संहिता असे म्हणतात. ज्या आज्ञावलीची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि बदललेल्या स्वरूपात इतरांना देता येते, ती मुक्तस्रोत आज्ञावली होय. हा अधिकार तोंडी नसतो. तो परवान्याने दिलेला असतो. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. त्यातून पुढे जनरल पब्लिक लायसन्स हा परवाना आला. फिनलंडमधील लिनस टोर्वाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली लिनक्स ही प्रणाली याच परवान्याखाली वाढली. ‘ओपन सोर्स’ हे नाव १९९८ मध्ये रूढ झाले.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्तस्रोत आज्ञावली स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. शासकीय उपयोजनांची मूळ संहिता खुली करण्यासंबंधीचे धोरणही त्याच वर्षी आले. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये खुली केलेली ‘लोहित’ ही भारतीय लिप्यांची अक्षरमाला पुढे तिच्या पुण्यातील अभियंत्यांनी सांभाळली. नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातील गावांचाही समावेश करण्यात आला. त्या प्रकल्पासाठी पाण्याचा ताळेबंद मांडताना मुंबईच्या आयआयटीने क्यूजीआयएस या मुक्तस्रोत नकाशा-आज्ञावलीला जोडणारा भाग तयार केला. म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातील शेतकऱ्याच्या पाण्याचा हिशेबही काही अंशी जगभरातील अनेकांनी मिळून लिहिलेल्या संहितेवर आधारलेला आहे.

ग्रंथालयांच्या क्षेत्रातील ‘कोहा’चे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या भागातील ग्रंथालयांची जुनी संगणक-प्रणाली २००० सालाची तारीख हाताळण्यास असमर्थ होती. त्यामुळे त्यांनी नवी आज्ञावली लिहवून घेतली व जानेवारी २००० पासून ती वापरात आणली. तिची मूळ संहिता त्यांनी सर्वांसाठी खुली केली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट; जी घेणाऱ्याच्या मनात परतफेडीची जाणीव असते अशी भेट. आपल्याकडील सावडीची पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कल्पना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. आज भारतातील अनेक महाविद्यालयीन व विद्यापीठीय ग्रंथालयांत कोहा वापरली जाते.

फेरफाराची परिचित रीत

मुक्तस्रोत म्हणजे ज्याला वाटेल त्याने मूळ संहितेत हवा तो बदल करावा, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. स्वतःच्या प्रतीत कोणीही बदल करू शकतो. सर्वजण वापरतात त्या मूळ प्रतीत मात्र ठरलेल्या रीतीनेच बदल होतो. ही रीत आपल्या महसूल व्यवस्थेतील फेरफाराशी पुष्कळशी जुळते.

सातबाराच्या उताऱ्यावर कोणी परस्पर खाडाखोड करीत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५० नुसार बदलाची नोंद प्रथम फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये होते. ज्यांना लोक आजही तलाठी म्हणतात ते ग्राम महसूल अधिकारी ही नोंद घेतात. हितसंबंधितांना सूचना दिली जाते व हरकतीसाठी मुदत ठेवली जाते. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. त्यानंतर सक्षम अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच सातबारा बदलतो. उताऱ्यावर फेरफाराचा क्रमांक कायम राहतो. त्यामुळे पन्नास वर्षांनंतरही कोणता बदल केव्हा व कशाच्या आधारे झाला, हे शोधून काढता येते. आता हे काम ई-फेरफार प्रणालीत संगणकावर होत असले, तरी त्यामागील तत्त्व तेच आहे.

मुक्तस्रोत प्रकल्पांत हेच काम बहुतेक ठिकाणी ‘गिट’ या साधनाने होते. लिनक्सच्या संहितेचा सांभाळ करण्यासाठी टोर्वाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये तयार केले. गिटमधील प्रत्येक नोंदीला ‘कमिट’ म्हणतात. बदल कोणी केला, केव्हा केला, कोणत्या ओळी बदलल्या आणि का बदलल्या, हे त्यात नमूद होते. योगदान देणारा मूळ संहितेची स्वतःची प्रत घेतो, तीत एक वेगळी शाखा काढून बदल करतो आणि ‘हा बदल मूळ प्रतीत घ्यावा’ असा प्रस्ताव पाठवितो. या प्रस्तावाला अनेक ठिकाणी ‘पुल रिक्वेस्ट’ असे म्हणतात. प्रकल्पाचे परिरक्षक तो तपासतात, हरकती नोंदवितात आणि समाधान झाल्यावर बदल मूळ प्रतीत घेतात.

कोहाच्या कामकाजात या पायऱ्या अधिक स्पष्ट दिसतात. प्रत्येक बदलासाठी प्रथम त्रुटी-नोंदवहीत क्रमांक घ्यावा लागतो. बदल पाठविताना तो कसा तपासावा याच्या क्रमवार सूचना द्याव्या लागतात. त्यानंतर बदल करणाऱ्याखेरीज दुसरी व्यक्ती त्या सूचनांप्रमाणे तपासणी करून आपली सही नोंदविते. गुणवत्ता-तपासणी करणारा गट पुन्हा परीक्षण करतो. शेवटी त्या आवृत्तीचे प्रमुख तो बदल मूळ प्रतीत घेतात. नोंद घेणारा व प्रमाणित करणारा वेगवेगळे असावेत, हे तत्त्व येथेही कसोशीने पाळले जाते.

प्रथम वाचन

योगदानाची सुरुवात वाचनाने व्हावी. प्रत्येक सुव्यवस्थित प्रकल्पात तीन कागदपत्रे ठळकपणे ठेवलेली असतात. पहिले असते प्रकल्पाचा परिचय, म्हणजे आज्ञावली काय करते व ती कशी सुरू करावी याची माहिती. दुसरे म्हणजे परवाना. तिसरे म्हणजे योगदानाचे नियम : बदल कोठे पाठवावा, लेखनाची कोणती पद्धत पाळावी, कोणत्या चाचण्या आवश्यक आहेत, इत्यादी. अनेक प्रकल्पांत परस्परांशी कसे वागावे यासंबंधीची आचारसंहिताही असते.

ही कागदपत्रे न वाचता पाठविलेले प्रस्ताव बहुधा परत येतात व त्यात दोन्ही बाजूंचा वेळ जातो. पुष्कळसे परिरक्षक हे काम आपला व्यवसाय सांभाळून, विनावेतन करीत असतात, हे ध्यानी ठेवावे. तसेच आपल्याला आढळलेली त्रुटी आधीच कोणी नोंदविली आहे काय, हेही शोधून पाहावे. नोंद असल्यास दुसरी नोंद करू नये. पहिल्याच नोंदीखाली आपल्याजवळची अधिक माहिती द्यावी.

त्रुटीचे निवेदन

‘मराठी नीट चालत नाही’ हे वाक्य तक्रार म्हणून खरे असेल. परंतु त्यावरून कोणालाही दुरुस्ती करता येणार नाही. निवेदन असे असावे की, मराठीचे एक अक्षरही न जाणणाऱ्या दूर देशीच्या अभियंत्याला तीच त्रुटी स्वतःच्या संगणकावर घडवून पाहता यावी. त्यासाठी चार गोष्टी सांगाव्या लागतात : आपण काय केले, काय व्हावे अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात काय झाले आणि हे कोणत्या आवृत्तीवर झाले. आरंभीच्या उदाहरणाचे निवेदन साधारणपणे पुढीलप्रमाणे होईल :

‘एका पुस्तकाच्या नावात वऱ्हाड हा शब्द साधा र, हलन्त व जोडचिन्ह यांनी लिहून नोंद केली. नंतर शोधाच्या चौकटीत तोच शब्द टिंबाचा ऱ व हलन्त यांनी लिहिला. दोन्ही लेखने मराठी वाचकाच्या दृष्टीने एकच असल्याने पुस्तक सापडावे अशी अपेक्षा होती. शोधात एकही नोंद आली नाही. आज्ञावलीची आवृत्ती, संगणक-प्रणाली व वापरलेला कळफलक यांची माहिती सोबत दिली आहे. दोन्ही शब्द जसेच्या तसे सोबत जोडले आहेत.’

या निवेदनात कोणावर दोषारोप नाही व अनावश्यक असे काहीही नाही. आंतरराष्ट्रीय प्रकल्पांचा व्यवहार बहुतेक इंग्रजीत चालतो. त्यासाठी अलंकारिक इंग्रजीची गरज नाही. लहान, साधी वाक्ये पुरेशी होतात. मराठी शब्द मात्र मूळ लिपीतच द्यावेत. केवळ पडद्याचे छायाचित्र दिल्यास दोन लेखनांतील भेद, जो डोळ्यांना दिसतच नाही, तो समोरच्यालाही कळणार नाही.

आज्ञावलीतील त्रुटीमुळे कोणाची माहिती चोरीस जाण्याचा संभव असेल, तर ती नोंद सर्वांसमोर करू नये. अशा त्रुटींसाठी बहुतेक प्रकल्प खाजगीरीत्या कळविण्याचा वेगळा पत्ता देतात. दुरुस्ती होण्यापूर्वी ती जाहीर करणे म्हणजे मोडके कुलूप कोणत्या दाराला आहे, हे दवंडी पिटून सांगण्यासारखे आहे.

एका वेळी एकच बदल

शोधाची त्रुटी तपासत असताना हिवरखेडच्या शिक्षकांना दुसरी एक उणीव दिसू शकेल. हिवरखेड नावाचे गाव केवळ तेल्हारा तालुक्यात नाही. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातही आहे. आज्ञावली गावे नुसत्या नावाने ओळखत असेल, तर एका हिवरखेडची नोंद दुसऱ्या हिवरखेडच्या खात्यात जाऊ शकेल. त्यावर उपाय म्हणजे गावाची ओळख नावाऐवजी त्याच्या शासकीय संकेतांकाने करणे. ही सूचनाही योग्यच आहे. तथापि, ती पहिल्या दुरुस्तीत मिसळू नये.

एका फेरफारात दोन स्वतंत्र व्यवहार नोंदविले आणि एकावर हरकत आली, तर दुसराही विनाकारण अडकतो. आज्ञावलीतही तसेच घडते. दोन बदलांचे दोन वेगळे प्रस्ताव पाठविले, तर एक स्वीकारून दुसऱ्यावर चर्चा चालू ठेवता येते. पुढे एखादा बदल चुकीचा ठरल्यास तेवढाच मागे घेता येतो. याच कारणास्तव दुरुस्ती करता करता सभोवतालच्या ओळींची मांडणी बदलणे, नावे बदलणे असे सुधारणेचे मोह टाळावेत. दहा ओळींचा बदल परीक्षक काळजीपूर्वक वाचतो. हजार ओळींचा बदल तो वरवर चाळतो किंवा बाजूला ठेवतो.

प्रत्येक कमिटसोबतचा मजकूरही विचारपूर्वक लिहावा. पहिल्या ओळीत बदलाचा थोडक्यात विषय असावा. त्याखाली कारण द्यावे. कोणत्या ओळी बदलल्या, हे संहितेवरून दिसतेच. त्या का बदलल्या हे मात्र लिहून ठेवल्यावाचून पुढच्या माणसाला कळत नाही.

चाचणी : दर्या आणि दऱ्या

दुरुस्ती सोपी वाटते तेव्हा अधिक सावध राहावे. आपल्या उदाहरणात कोणालाही सहज सुचणारा उपाय म्हणजे ते न दिसणारे जोडचिन्ह सरळ काढून टाकणे. तसे केल्यास काय होईल? साधा र आणि हलन्त एवढेच उरेल व तो र पुढील अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसेल. मग डोंगरातील ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ यांत काहीच फरक राहणार नाही. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना आणि ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना, हे दोन शब्दही एक होऊन जातील. एक त्रुटी काढताना आपण दुसरी, अधिक घातक त्रुटी निर्माण केलेली असेल.

योग्य उपाय असा की, साधा र, हलन्त व जोडचिन्ह हा समूह आढळल्यास त्याऐवजी टिंबाचा ऱ व हलन्त आहे असे समजावे. ही दुरुस्ती खरोखर बरोबर आहे, हे सिद्ध करण्यासाठी प्रस्तावासोबत चाचण्या जोडाव्या लागतात. चाचणी म्हणजे आज्ञावलीला विचारावयाचा प्रश्न व त्याचे अपेक्षित उत्तर यांची जोडी. शिक्षकांना ही कल्पना परकी वाटू नये. येथे दोन प्रकारच्या चाचण्या हव्यात. पहिल्या प्रकारात ‘वऱ्हाड’, ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’ या शब्दांची दोन्ही लेखने एकच मानली जातात काय, हे पाहावे. दुसऱ्या प्रकारात ‘दर्या’ व ‘दऱ्या’ हे शब्द वेगळेच राहतात काय, हे तपासावे. काय बदलले पाहिजे आणि काय बदलता कामा नये, या दोहोंची हमी मिळाल्याशिवाय चाचणी पूर्ण झाली असे म्हणता येत नाही.

अशा शब्दांची यादी तयार करण्याचे काम बोस्टन किंवा बर्लिन येथील अभियंता करू शकत नाही, कारण त्याला ते शब्द ठाऊक नाहीत. वऱ्हाडातील शाळेच्या शिक्षकाला ते पाठ असतात. म्हणून संहितेची एकही ओळ न लिहिता दिलेली ही यादी प्रत्यक्ष दुरुस्तीइतकीच मोलाची ठरते.

हरकती कशा घ्याव्यात?

प्रस्ताव पाठविल्यानंतर परीक्षक प्रश्न विचारतात. नवख्या व्यक्तीला तो आपला अवमान वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः हरकत ही या व्यवस्थेची मुख्य उपयुक्तता आहे. आपले उदाहरण पुढे नेऊ. दुरुस्ती योग्य आहे, चाचण्याही उत्तीर्ण झाल्या आहेत. परंतु नेपाळमधील एखादा परीक्षक दाखवून देऊ शकेल की, नेपाळी भाषेतही हा आडवा र येतो व तेथे तो जोडचिन्हानेच लिहिण्याचा प्रघात आहे. आपल्या बदलामुळे साठविलेला मूळ मजकूरच बदलला जात असेल, तर त्यांच्या नोंदींचे लेखन आपण परस्पर फिरविल्यासारखे होईल. मग उत्तर असे निघेल की, साठविलेला मजकूर जसाच्या तसा ठेवावा आणि केवळ शोध घेताना, तुलनेपुरते, दोन्ही लेखनांना एकच मानावे. ही दुरुस्ती पहिलीपेक्षा सरस आहे आणि ती हरकतीमुळेच सुचली.

हरकतींना उत्तर देताना मुद्द्यापुरते लिहावे. सूचना पटली तर बदल करावा. पटली नाही तर कारण द्यावे. उत्तरास विलंब झाल्यास एखाद-दोन आठवड्यांनी नम्रपणे आठवण द्यावी. तगादा लावू नये. प्रस्ताव नाकारला गेला, तरी चर्चेची नोंद राहते व पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडते.

परीक्षणाची घाई किती महाग पडू शकते, याचे उदाहरण मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिले. ‘एक्सझेड’ हे माहिती दाबून साठविण्याचे लहानसे साधन असंख्य लिनक्स संगणकांवर असते. त्याचा सांभाळ मुख्यतः एकच परिरक्षक करीत होता. ‘जिआ तान’ असे नाव धारण केलेल्या कोणी सुमारे दोन वर्षे नियमित योगदान देऊन त्याचा विश्वास संपादन केला. दरम्यान इतर काही नावांनी, काम संथ चालते अशी टीका करून परिरक्षकावर दडपण आणले गेले. अखेर अधिकार हाती आल्यावर त्या व्यक्तीने संगणकात चोरवाट ठेवणारा भाग आत घातला. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला. त्याचा मागोवा घेतल्यावर हा प्रकार उघडकीस आला. संहिता खुली असल्यामुळेच हा शोध शक्य झाला. तथापि, ती खुली असूनही पुरेसे वाचक नव्हते, म्हणूनच हा प्रकार तोपर्यंत खपून गेला, हेही तितकेच खरे. म्हणून इतरांचे प्रस्ताव वाचून तपासणे हेही मोठे योगदान होय.

हक्क, परवानगी आणि गोपनीयता

आपण जे देतो ते देण्याचा आपल्याला अधिकार असला पाहिजे. लिनक्स प्रकल्पाने २००४ पासून प्रत्येक बदलासोबत योगदान देणाऱ्याने आपल्या नावाने तसे प्रमाणित करण्याची पद्धत सुरू केली. पुढे अनेक प्रकल्पांनी ती स्वीकारली. दुसऱ्या ठिकाणची संहिता उतरवून आणून आपली म्हणून देणे हे परवान्याचे उल्लंघन आहे. यंत्रबुद्धीकडून लिहून घेतलेल्या संहितेबाबतही प्रत्येक प्रकल्पाचा नियम पाहावा. जेन्टू व नेटबीएसडी या प्रकल्पांनी २०२४ मध्ये अशी संहिता न स्वीकारण्याचे ठरविले. काही प्रकल्प ती स्पष्ट उल्लेखासह घेतात. कोठेही झाले तरी, स्वतःला न समजलेली ओळ आपल्या नावाने पाठवू नये.

शासकीय अधिकारी व कर्मचारी यांनी आणखी एक बाब लक्षात घ्यावी. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार, विरुद्ध करार नसल्यास, शासकीय कृतीचा प्रथम स्वामी शासन असते. नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा प्रथम स्वामी सर्वसाधारणपणे नियोक्ता असतो. म्हणून कार्यालयीन कामाचा भाग म्हणून लिहिलेली संहिता बाहेर देण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी.

त्रुटी दाखविण्यासाठी खऱ्या लाभार्थ्यांची यादी, विद्यार्थ्यांची नावे, आधार क्रमांक वा बँक खात्यांचा तपशील कधीही जोडू नये. प्रकल्पाच्या नोंदी जगभर दिसतात आणि गिटमधील जुनी नोंद पुसणे अवघड असते. त्याऐवजी काल्पनिक नावे घ्यावीत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमही झालेला आहे.

संहिता न लिहिणाऱ्यांचे काम

आज्ञावली म्हणजे केवळ संहिता नव्हे. पडद्यावरील सूचनांचे भाषांतर, वापराची मार्गदर्शिका, चाचणीची उदाहरणे, अक्षरांच्या वळणाची तपासणी, दुसऱ्याने नोंदविलेली त्रुटी आपल्या संगणकावर पडताळून पाहणे, या सर्व कामांना जाणकार माणसे हवी असतात. मराठीतील ल आणि श यांचे वळण हिंदीतील प्रचलित वळणाहून वेगळे असते. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये, ५·१ या आवृत्तीत मिळाले. अशा बाबी भाषा वापरणाऱ्यांनी मांडल्या तरच नोंदल्या जातात.

भाषांतर करतानाही वर सांगितलेली शिस्त लागू होते. प्रकल्पात आधीपासून रूढ असलेले पारिभाषिक शब्द पाहावेत. एकाच संज्ञेला ठिकठिकाणी वेगवेगळे प्रतिशब्द देऊ नयेत. गावच्या ग्रंथालयात येणारा वाचक, ग्रामपंचायतीत दाखला मागण्यास आलेली महिला, यांना कळेल असाच शब्द निवडावा. प्रत्यक्ष वापरणाऱ्या दोन-चार जणांना तो वाचून दाखविणे, ही त्याची उत्तम चाचणी होय.

पहिले पाऊल

ज्यांना सुरुवात करावयाची आहे, त्यांनी आपण रोज वापरतो अशीच एक मुक्तस्रोत आज्ञावली निवडावी. अनेक प्रकल्प नवागतांसाठी सोपी कामे वेगळी खूण करून ठेवतात. त्यांतील एखादे घ्यावे. माध्यमिक शाळांत संगणक शिकविणाऱ्या शिक्षकांना वर्गातच हा उपक्रम करता येईल. विद्यार्थ्यांच्या एका गटाने मराठी शब्दांची यादी करावी, दुसऱ्याने ती आज्ञावलीत तपासावी, तिसऱ्याने आढळलेल्या त्रुटीचे निवेदन लिहावे. पंचायत सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी आपल्या कार्यालयातील प्रणालीत नेहमी अडणाऱ्या मराठी नावांची टिपणे ठेवली आणि ती काल्पनिक उदाहरणांच्या रूपाने संबंधितांकडे पाठविली, तरी मोठे काम होईल.

‘वऱ्हाड’ हा शब्द शोधल्यावर सापडावा, ही मागणी लहान आहे. परंतु ती कोणी नीट लिहून मांडली नाही, तर ती कोणाच्याही कामाच्या यादीत येत नाही. एकदा ती दुरुस्ती मूळ प्रतीत गेली, की तिचा लाभ हिवरखेडला जसा होतो, तसाच कऱ्हाडला आणि गोऱ्ह्यालाही होतो. ज्या शिक्षकांना पुढील वर्षी पुस्तकाची नोंद पहिल्याच शोधात सापडेल, त्यांना त्यामागे कोणाची टिपणे होती हे कदाचित कळणारही नाही. मात्र प्रकल्पाच्या इतिहासात तो बदल, त्याचे कारण आणि तो सुचविणाऱ्याचे नाव, फेरफाराच्या क्रमांकाप्रमाणे, कायम राहील.